इंग्रजी वाक्यात कॉमा कुठे आणि पूर्णविराम कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी बडोद्याचा. घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, डिप्लोमा इंग्रजीतून. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात दोन वर्षं नोकरी करतोय. स्पेलिंग आणि काळ आता बऱ्यापैकी जमतात, पण माझ्या मेलमधली विरामचिन्हं साहेब दर वेळी बदलतात. वाचताना जिथे थांबतो तिथे कॉमा द्यायचा, असं शाळेत शिकवलं होतं. तसाच देतो, तरी चुकतं. नियमांचं पुस्तक पाठ करू का? किती दिवस लागतील?"

सोबत त्यांनी गेल्या आठवड्यातला एक मेल दिला आहे: "डिअर सर ,ॲज डिस्कस्ड ऑन द फोन आय हॅव चेक्ड द ड्रॉइंग, देअर इज अ मिस्टेक इन द बोअर डायमेन्शन, वी विल सेंड द रिव्हाइज्ड ड्रॉइंग बाय थर्सडे, काइंडली कन्फर्म दॅट, द मटेरियल इज द सेम...."

मीही बडोद्याचीच, दांडिया बाजारात वाढलेली. गेली पंचवीस वर्षं इतरांचं इंग्रजी तपासणं हेच माझं काम आहे. विद्यापीठातले प्रबंध, कारखान्यांचे टेंडर, परदेशी ग्राहकांना जाणारी पत्रं, असं बरंच काही हाताखालून गेलं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. इंग्रजी उदाहरणं मी देवनागरीतच लिहिते. शिकवतानाही असंच करते, कारण त्यामुळे डोळा स्पेलिंगवर अडकत नाही आणि चिन्हांकडे लक्ष राहतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तुमची अडचण चिन्हांची दिसते, पण खरी अडचण वाक्याची आहे. तुमच्या मेलमधले कॉमे मी मोजले. "डिअर सर" नंतरचा सोडला तर उरलेल्या चारपैकी तीन अशा जागी आहेत जिथे एक वाक्य संपून दुसरं सुरू होतं, आणि चौथा "दॅट" नंतर आहे. एकही कॉमा वेंधळेपणाने पडलेला नाही. चारही तुम्ही मराठीच्या (आणि गुजरातीच्या) सवयीने, अगदी नियमितपणे दिले आहेत. चूक इतकी नियमित असते तेव्हा ती सुधारायला सोपी असते, म्हणून मला तुमच्याबद्दल काळजी वाटत नाही.

मराठीत वाक्य कुठे संपतं हे आपल्याला क्रियापद सांगतं. "मी काल ड्रॉइंग तपासलं" यातलं "तपासलं" आलं की वाक्य मिटलं. पुढे टिंब असो, कॉमा असो, काहीही नसो, वाचणाऱ्याला कळतं. म्हणून तर आपल्याकडे शेकडो वर्षं विरामचिन्हांवाचून कारभार चालला. बडोदा संस्थानाचे मोडीतले जुने कागद कधी पाहिले असतील तर आठवा: आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जायची. शब्दांमध्ये अंतर नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. तरी कारकून भराभर वाचत, कारण "पाठविले", "कळावे", "हे विनंती" असे शब्द आले की विषय संपल्याची खूण मिळे. आज आपण मराठीत जी विरामचिन्हं वापरतो ती इंग्रजीकडून आली. ती आपल्याकडे रुळवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. त्यांची "विरामचिन्हांची परिभाषा" १८५० मधली. म्हणजे मराठी गद्यात ही चिन्हं येऊन दोनशे वर्षंही झालेली नाहीत, आणि ती आली तेव्हा वाक्य बंद करण्याचं काम करणारं क्रियापद आधीच जागेवर होतं.

इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या मध्ये बसतं. "आय हॅव चेक्ड" म्हटल्यावर वाक्य संपलेलं नसतं, आत्ता कुठे सुरू झालेलं असतं. पुढे "द ड्रॉइंग" येईल, त्यापुढे "यू सेंट", त्यापुढे "लास्ट वीक", त्यापुढे "फ्रॉम द पुणे ऑफिस". वाक्य कुठे थांबेल हे शब्दांवरून कळत नाही. ते सांगायला फक्त पूर्णविराम असतो. मराठीतला पूर्णविराम बंद झालेल्या दारावर कडी घालतो. इंग्रजीत दार म्हणजे पूर्णविरामच. तो तुम्ही दिला नाहीत तर वाचणारा चालत पुढच्या वाक्यात जातो आणि दोन शब्द झाल्यावर त्याला मागे यावं लागतं. तुमचे साहेब प्रत्येक मेल दोनदा वाचत असणार, आणि त्यांची चिडचिड बहुधा त्यातूनच येते.

आता शाळेतल्या शिकवणीबद्दल. ज्यांनी "थांबाल तिथे कॉमा" असं शिकवलं त्यांना दोष देऊ नका, त्या सांगण्याला फार जुना आधार आहे. ख्रिस्तपूर्व २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेला बायझँटियमचा ॲरिस्टोफेनिस याने ओळीच्या खाली, मध्ये आणि वर ठिपके देण्याची पद्धत घातली. मजकूर मोठ्याने वाचणाऱ्याने कुठे किती थांबायचं, हे त्या ठिपक्यांवरून कळे. कॉमा, कोलन आणि पिरियड ही नावं त्याच ग्रीक परंपरेतली आहेत. तेव्हा चिन्हं खरोखरच श्वासासाठी होती. पुढे छपाई आली. १४९० च्या दशकात व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यातून अर्धविराम पहिल्यांदा बाहेर पडला. लोक मनातल्या मनात वाचू लागले, आणि हळूहळू चिन्हांचं काम बदललं. आजच्या इंग्रजीत ती वाक्याची बांधणी दाखवतात. श्वास आणि बांधणी पुष्कळदा एकाच जागी येतात, म्हणून शाळेतला नियम दहापैकी सहा-सात वेळा निभावून नेतो. उरलेल्या वेळी तो फसवतो, आणि ऑफिसच्या लांब वाक्यांत जास्तच फसवतो.

फसवण्याची सर्वांत नेहमीची जागा बघा. "द रिपोर्ट सबमिटेड बाय द सप्लायर लास्ट मंथ, इज इनकम्प्लीट." हे मोठ्याने वाचताना "मंथ" नंतर आपण सगळेच थांबतो, कारण मनात मराठी चाललेली असते: गेल्या महिन्यात सप्लायरने दिलेला जो रिपोर्ट आहे, तो... पण इंग्रजीत "मंथ" पर्यंत सगळा कर्ताच आहे आणि "इज" त्याचं क्रियापद. कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा येत नाही. कर्ता कितीही लांब असो, श्वास कितीही लागो. मी तपासलेल्या प्रबंधांत सर्वांत जास्त वेळा खोडलेला कॉमा हाच असेल.

म्हणून माझ्या पद्धतीत विरामचिन्हं शिकवायची सुरुवात चिन्हांपासून होत नाही. लाल पेन घ्यायचं आणि वाक्यातली क्रियापदं अधोरेखित करायची. "हॅव चेक्ड", "इज", "विल सेंड", "कन्फर्म", "इज". तुमच्या मेलमध्ये अशी पाच आहेत. (सुरुवातीचं "डिस्कस्ड" त्यात नाही, त्याच्यामागे कर्ता नाही.) मग प्रत्येकाला विचारायचं: तुझा कर्ता कोण? आणि तू एकटा उभा राहू शकतोस का? "आय हॅव चेक्ड द ड्रॉइंग" एकटं उभं राहतं. "देअर इज अ मिस्टेक" राहतं. "वी विल सेंड" राहतं. "काइंडली कन्फर्म" आज्ञार्थी आहे, कर्ता "यू" गाळलेला आहे, तरी उभं राहतं. शेवटचं "द मटेरियल इज द सेम" हे मात्र "दॅट" ने "कन्फर्म" ला बांधलेलं आहे, ते त्याच्याच पोटात जाईल. म्हणजे तुमच्या एका वाक्यात चार स्वतंत्र वाक्यं आहेत, आणि चार वाक्यांना तीन जोड लागणार.

जोड कसा घालायचा, इथेच अर्धं काम आहे. इंग्रजीत दोन स्वतंत्र वाक्यं एकट्या कॉम्याने जोडता येत नाहीत. मराठीत "मी आलो, तू नव्हतास, मग परत गेलो" हे सुंदर वाक्य आहे. तेच इंग्रजीत तसंच लिहिलं की चूक धरतात. इंग्रजीत तीन वाटा आहेत. सर्वांत सुरक्षित वाट पूर्णविरामाची. दुसरी वाट कॉमा आणि त्याला लागून एक छोटं उभयान्वयी अव्यय: अँड, बट, ऑर, सो, येट, नॉर, फॉर. हे सातच, आठवं नाही. तिसरी वाट अर्धविरामाची, आणि ती पहिलं वर्षभर वापरली नाही तरी काही अडत नाही.

सातच म्हटलं ते मुद्दाम. "हाउएव्हर" आणि "देअरफोर" या यादीत नाहीत. मराठीत "पण" आणि "तथापि" दोन्ही उभयान्वयी, दोन्ही वाक्यं जोडतात, म्हणून आपण "बट" च्या जागी "हाउएव्हर" ठेवतो, कारण ते जास्त वजनदार वाटतं: "द बेअरिंग इज रेडी, हाउएव्हर द शाफ्ट इज नॉट." इंग्रजीच्या लेखी "हाउएव्हर" हे क्रियाविशेषण आहे, जोडण्याची ताकद त्याच्यात नाही. त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागेल आणि त्याच्यानंतर कॉमा. किंवा सरळ "बट" लिहा. पत्रव्यवहारात "बट" ला कुणी हलकं समजत नाही.

आता "दॅट" नंतरचा कॉमा. हा आपला खास कॉमा आहे. मराठीत "त्यांनी सांगितले की," असं लिहायची सवय छापील मजकुरानेच आपल्याला लावली. गुजरातीत "के" नंतर तेच. तो कॉमा उचलून आपण "ही सेड दॅट," असा नेतो. इंग्रजीत "दॅट" पुढच्या वाक्याला घट्ट धरतो, मध्ये काही चालत नाही. कॉमा येतो तो "दॅट" नसताना, बोललेले शब्द जसेच्या तसे अवतरणात देताना: ही सेड, "द मटेरियल इज द सेम." हे एवढं एकच आज रात्रीपासून पाळलंत तरी साहेबांची लाल शाई निम्म्यावर येईल असं मला वाटतं.

इथपर्यंत जे सांगितलं ते कॉमा काढून टाकण्याबद्दल होतं. कॉमा द्यायचा कुठे, त्याचं उत्तरही मराठीतच सापडतं. हे मला शिकवता शिकवता फार उशिरा उमगलं, आणि तेव्हापासून माझं शिकवणं बदललं. मराठीत जोडशब्द जोडीने येतात: जर-तर, जेव्हा-तेव्हा, जरी-तरी. "जर ड्रॉइंग आज आलं, तर आम्ही उद्या काम सुरू करू." इंग्रजीकडे "इफ" आहे, पण "तर" सहसा येत नाही. मग सांधा कुठे आहे हे वाचणाऱ्याला कसं कळणार? तिथे कॉमा येतो. "इफ द ड्रॉइंग कम्स टुडे, वी विल स्टार्ट टुमॉरो." तो कॉमा म्हणजे "तर". "व्हेन" ने सुरू झालेल्या वाक्यातला कॉमा म्हणजे "तेव्हा". "ऑलदो" ने सुरू झालेल्यातला कॉमा म्हणजे "तरी". याच कारणाने "ऑलदो... बट" असं लिहायचं नसतं, कारण "तरी" चं काम कॉम्याने आधीच केलेलं असतं. आणि हाच "इफ" मागे गेला, "वी विल स्टार्ट टुमॉरो इफ द ड्रॉइंग कम्स टुडे", की सांधा "इफ" स्वतःच दाखवतो आणि कॉम्याची गरज उरत नाही. "बिकॉज" चंही साधारण असंच: मध्ये आला तर आधी सहसा कॉमा नको. आपण "कारण" च्या आधी थांबतो म्हणून तिथे हात अडखळतो. तुमच्या "ॲज डिस्कस्ड ऑन द फोन" नंतर कॉमा हवा, तोही याच घरातला. मुख्य वाक्य अजून सुरू व्हायचंय, हे तो सांगतो. नेमका हाच कॉमा तुम्ही दिला नव्हता.

जो-तो ची गोष्ट वेगळी आहे, आणि या एका जागी कॉमा पैशांचा प्रश्न होतो. काही वर्षांपूर्वी एका छोट्या कारखान्याचा मेल माझ्याकडे आला, तो पाठवून झाल्यानंतर. ग्राहकाकडे बसवलेल्या बारा व्हॉल्व्हपैकी तीन गळत होते. लिहिलं होतं: "द व्हॉल्व्ज, विच आर लीकिंग, विल बी रिप्लेस्ड फ्री ऑफ चार्ज." ग्राहक परदेशी, इंग्रजी नीट जाणणारा. त्याने उलट लिहिलं की बाराही व्हॉल्व्ह कधी मिळतील? तो लबाडी करत नव्हता. दोन कॉम्यांनी तेच सांगितलं होतं. "विच" चा तुकडा दोन कॉम्यांत घातला की तो जादा माहिती होतो: व्हॉल्व्ह बदलून मिळतील, आणि हो, ते गळताहेत. कॉमे काढले तर तो तुकडा निवड करतो: जे व्हॉल्व्ह गळतात ते बदलून मिळतील. तीन की बारा, हा फरक त्या दोन खुणांचा होता. पुढे फोनाफोनी होऊन मिटलं, पण कारखान्याच्या मालकांचे ते चार दिवस मी विसरलेले नाही.

यासाठी मी एक कसोटी देते. तुमचं म्हणणं घरी आईला सांगताय असं समजून मराठीत बोला. ते "जे गळतात ते" असं जो-तो घालून आलं, तर इंग्रजीत कॉमा नाही. ते "व्हॉल्व्ह बदलू, ते गळताहेत" असं दोन वाक्यांत आलं, तर दोन्ही बाजूंना कॉमा. "माझा पुण्याला असतो तो भाऊ" म्हटलंत तर भाऊ एकाहून जास्त आहेत: "माय ब्रदर हू लिव्ज इन पुणे". "माझा भाऊ, पुण्याला असतो तो" असं सहज पुस्ती जोडल्यासारखं म्हटलंत तर भाऊ एकच: "माय ब्रदर, हू लिव्ज इन पुणे, ..." कसोटी बोलण्याच्या मराठीवर लावा. बातम्यांच्या मराठीत "माझे वडील, जे बँकेत होते, ते" अशी इंग्रजी वळणाची वाक्यं शिरली आहेत, तिथे ही कसोटी चालत नाही. निवड करायची असेल तेव्हा "विच" ऐवजी "दॅट" लिहायची सवय लावली तर आणखी बरं. "द व्हॉल्व्ज दॅट आर लीकिंग" यात कॉमा घालावासा कुणाला वाटतच नाही.

संगणकातली व्याकरण तपासणारी साधनं वापरा, मीही वापरते. दोनदा पडलेली स्पेस, सुटलेला पूर्णविराम, कॉम्याने जोडलेली दोन वाक्यं ती बऱ्याचदा पकडतात. पण किती व्हॉल्व्ह गळतात आणि तुम्हाला भाऊ किती, हे त्यांना माहीत नसतं. ते ठरवणं तुमच्याकडेच राहील.

ॲपॉस्ट्रॉफीबद्दल, म्हणजे अक्षरांच्या वरच्या बाजूला येणाऱ्या कॉम्यासारख्या खुणेबद्दल, थोडक्यात. तो "चा, ची, चे" साठी आहे, अनेकवचनासाठी नाही. "व्हॉल्व्ह" चे "व्हॉल्व्ज" होताना तो लागत नाही, "टेन पीसीज" मध्ये लागत नाही. सप्लायरचा रिपोर्ट म्हणायचं असेल तर "सप्लायर" आणि "एस" यांच्यामध्ये लागतो. एकच अडचण "इट्स" ची: "त्याचा" या अर्थी तो लागत नाही, "इट इज" या अर्थी लागतो. विसरलात तर "हिज" आठवा, "हर्स" आठवा, "अवर्स" आठवा. अशा सर्वनामांना "चा" साठी ॲपॉस्ट्रॉफी नसतोच, "इट्स" त्याच पंगतीत बसतं.

स्पेस हे चिन्ह मानलं जात नाही, पण ऑफिसात पहिली नजर तिच्यावरच जाते. कॉमा, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह आधीच्या शब्दाला चिकटून येतात आणि त्यानंतर एक जागा सुटते. तुमचं "सर ,ॲज" उलटं झालंय. वाक्याच्या शेवटी चार टिंबं देणं सोडा. आपल्याला ती नम्र वाटतात, वाचणाऱ्याला वाटतं की वाक्य अर्धवट राहिलं. उद्गारचिन्ह पत्रव्यवहारात जवळजवळ लागत नाही.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या. अमेरिकी पद्धतीत अवतरणाच्या शेवटचा पूर्णविराम आणि कॉमा अवतरणचिन्हाच्या आत जातो. ब्रिटिश पद्धतीत तो अवतरलेल्या मजकुराचा असेल तरच आत, नाहीतर बाहेर. अमेरिकी औपचारिक पत्रात "डिअर सर" नंतर अपूर्णविराम (कोलन) देतात, आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये कॉमा. लाख आपण १,००,००० असा लिहितो, परदेशी ग्राहकाला १००,००० असा लिहावा, नाहीतर त्याला शून्यं मोजावी लागतात. यातलं काही बरोबर आणि काही चूक असं नाही. तुमचा ग्राहक कुठला आणि तुमच्या कंपनीची रीत काय, हे साहेबांना एकदा विचारून घ्या आणि मग तीच रीत सगळीकडे पाळा. एकाच पत्रात दोन रीती आल्या की मात्र चूक ठरते.

यादीतला शेवटचा कॉमा, म्हणजे "नट्स, बोल्ट्स, अँड वॉशर्स" यातला "अँड" आधीचा, हाही असाच रीतीचा प्रश्न. ब्रिटिश वर्तमानपत्रं तो बहुधा देत नाहीत, अमेरिकी पुस्तकं देतात. माझं मत विचाराल तर तांत्रिक लेखनात द्यावा. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यात कोणत्या कामांना जादा पगार लागू नाही याची एक यादी होती, आणि तिच्या शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन" असे शब्द होते. "ऑर" च्या आधी कॉमा नव्हता. एका डेअरीच्या माल पोचवणाऱ्या ड्रायव्हरांनी म्हटलं की यात सूट फक्त पॅकिंगला आहे, मग ते शिपमेंटसाठी असो की डिस्ट्रिब्यूशनसाठी. वाटपाचं काम वेगळं नमूद नाही, म्हणून आम्हाला ओव्हरटाइम मिळायला हवा. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने शब्दरचना संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. तुम्ही स्पेसिफिकेशन लिहिता. तिथे यादीतली शेवटची दोन नावं एकच वस्तू आहेत की दोन, हा संशय राहू देऊ नये.

पुस्तक पाठ करू का, असं विचारलंत. नको. एखादं चांगलं व्याकरणाचं पुस्तक जवळ असावं, अडलं की बघायला. पण पाठ केलेला नियम लिहिताना आठवत नाही, हाताला वळण लागलेलं असेल तरच तो उतरतो. मी सगळ्यांकडून हे करून घेते: इंग्रजी वर्तमानपत्राच्या संपादकीय पानावरचा एक परिच्छेद घ्यायचा, सात-आठ ओळींचा. तो सगळी चिन्हं आणि मोठी अक्षरं काढून टाइप करायचा. मोडीसारखा सलग झाला की दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवायचा. दुसऱ्या दिवशी लाल पेनने क्रियापदं अधोरेखित करायची, कर्ते शोधायचे आणि चिन्हं भरायची. मग मूळ मजकुराशी ताडून बघायचं. जिथे फरक येईल तिथे कारण एका ओळीत मराठीत लिहायचं: "इथे 'तर' होता", "इथे कर्ता संपला नव्हता", "इथे दोन वाक्यं होती". कारण मराठीत लिहिण्याचा आग्रह मी कधी सोडत नाही. ज्या भाषेत विचार चालतो त्या भाषेत कारण पटलं तरच ते टिकतं.

कधीकधी तुमचं आणि छापलेलं दोन्ही बरोबर असेल. "इन २०१७" नंतर कॉमा द्यावा की नाही यावर चांगले लेखकही एकमताने वागत नाहीत. तिथे अडून बसू नका.

याच्या जोडीला रोज स्वतःचा एक पाठवलेला मेल घ्या. पाठवायच्या आधीचा नको, तेव्हा घाई असते. पाठवलेला, दोन दिवस जुना. एवढ्याला रोज वीस मिनिटं पुरतात. किती दिवस लागतील हे तुम्ही किती लिहिता यावर आहे. रोज पाच-सहा मेल लिहिणाऱ्यांच्या हातातून कॉम्याने जोडलेली वाक्यं साधारण दीड-दोन महिन्यांत जातात, असं मी पाहिलंय. विच-दॅट चा फरक अंगवळणी पडायला जास्त वेळ लागतो, कारण तिथे हाताबरोबर विचारही बदलावा लागतो. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायचं मनात असेल तर हेच काम तिथेही लागू पडतं, लेखनाच्या गुणांत व्याकरणाच्या निकषाखाली विरामचिन्हंही बघतात.

एक सवय मात्र सोडू नका, मोठ्याने वाचण्याची. श्वासाने चिन्ह ठरत नाही, पण वाक्य फार लांबलं की श्वास सांगतो. दम लागला तर कॉमा घालू नका, वाक्याचे दोन तुकडे करा.

आता तुमचा मेल. क्रियापदं आपण वर मोजली आहेत, जोड तीन हवेत, "ॲज डिस्कस्ड" नंतर "तर" सारखा एक कॉमा हवा, "दॅट" नंतरचा जायला हवा. मी एकही शब्द बदललेला नाही. फक्त दुसरं आणि तिसरं वाक्य एकमेकांचं कारण-परिणाम आहेत म्हणून मध्ये एक "सो" घातला:

"डिअर सर,

ॲज डिस्कस्ड ऑन द फोन, आय हॅव चेक्ड द ड्रॉइंग. देअर इज अ मिस्टेक इन द बोअर डायमेन्शन, सो वी विल सेंड द रिव्हाइज्ड ड्रॉइंग बाय थर्सडे. काइंडली कन्फर्म दॅट द मटेरियल इज द सेम."

गुरुवारचं ड्रॉइंग पाठवताना जो मेल लिहाल, तो पाठवून झाल्यावर इथे टाका. क्रियापदं अधोरेखित करून टाका, म्हणजे तुम्ही कुठे काय विचार केलात ते मला दिसेल.